प्रेमळ पत्रे आणि न्यायाची बाजू

दूर गेलेल्या माणसाच्या पत्राचे मोल, टपालाची वाट पाहिलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. दोन्हीकडच्या सैनिकांनी घरी लाखो पत्रे लिहिली. त्यांत पिकाची चौकशी आहे, लेकरांची आठवण आहे, आमच्यासाठी प्रार्थना करा अशी विनवणी आहे. दक्षिणेत कागदाची टंचाई झाली, तेव्हा लिहिलेल्या ओळींवरच आडव्या ओळी लिहून एका पानात दोन पाने बसवली जात.

पत्र उत्तरेचे की दक्षिणेचे, हे पुष्कळदा मजकुरावरून ओळखता येत नाही. मग प्रश्न पडतो: इतका प्रेमळ, देवभीरू माणूस चुकीच्या बाजूने कसा लढेल? पण दक्षिणेची राज्ये फुटून निघाली, ती गुलामगिरी टिकवण्यासाठी. त्या वेळी देशात सुमारे ४० लाख माणसे मालकांची मालमत्ता होती.

त्यांच्यापैकीच एक स्पॉट्सवुड राइस. गुलामीतून सुटून ते उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. त्यांच्या मुली मात्र मिसुरीत अडकल्या होत्या. मिसुरी उत्तरेच्या बाजूला असूनही तेथे गुलामगिरी चालूच होती. सप्टेंबर १८६४ मध्ये राइस यांनी सेंट लुइसच्या इस्पितळातून मुलींना लिहिले की, धीर धरा, मी तुम्हांला सोडवायला येत आहे. दुसरे पत्र एका मुलीच्या मालकिणीला होते. राइस मुलीला चोरू पाहतात, असा तिचा आरोप होता. त्यांनी ठणकावले की, माझ्या लेकरावरचा हक्क मला देवाने दिला आहे.

बापाची माया दोन्हीकडे सारखीच. दक्षिणेच्या सैनिकाची माया खोटी नव्हती. ती स्वतःच्या उंबरठ्यापाशी थांबली, एवढेच. म्हणून प्रेमळ मन हा न्याय्य बाजूचा पुरावा ठरत नाही. त्या सैनिकाच्या अंतःकरणाचा न्याय आपण करू नये, तो देवाकडे सोपवावा; पण तो कशासाठी लढला, हे मात्र विचारलेच पाहिजे.

तोच प्रश्न आपल्यालाही आहे. 'मुलाबाळांसाठीच तर करतो,' असे म्हणून आपण किती गोष्टी योग्य ठरवतो! आपल्या घरी राबायला येणाऱ्या बाईलाही मुले आहेत. तिचा पगार ठरवताना, तिला सुट्टी देताना आपल्याला ती आठवतात का? आपल्या मायेची खरी परीक्षा तिथे आहे.