आधी पान उलटून पाहू

सकाळी सातच्या सुमारास भाजीचं रोप जे सांगतं, ते दुपारी सांगत नाही. रात्रभर मुळांनी पाणी ओढलेलं असतं, त्यामुळे या वेळी निरोगी रोप ताठ असतं. दुपारी दोनच्या उन्हात धडधाकट भोपळ्याचा वेलही पानं खाली सोडतो आणि ऊन कललं की पुन्हा सावरतो. ते दुखणं नव्हे. पण सकाळीच ज्याने मान टाकली आहे, त्या रोपाजवळ थांबायला हवं.

आपण थांबत नाही. नाशिकच्या गच्चीवर चार कुंड्या असोत की गिरणारे-दिंडोरीकडे एकरभर टोमॅटो, पान पिवळं दिसलं की तोंडात पहिला प्रश्न येतो, ‘काय मारू?’ त्याआधी विचारायचा प्रश्न, काय झालंय, हा राहूनच जातो. मला वाटतं, भाजीपाल्याची निम्मी नासाडी या राहून गेलेल्या प्रश्नात असते. पिवळेपणा हा अंगातल्या तापासारखा आहे. तो कशामुळे आला हे कळल्याशिवाय दिलेलं औषध लागू पडलं तर केवळ नशिबाने.

पिवळं नेमकं कोणतं पान झालं आहे? खालची, जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडलं असावं, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला पुरवतं. उलट शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर संशय लोहावर. लोह असं जुन्या पानातून नव्याकडे सहज जात नाही. चुनखडी असलेल्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. तिथे युरियाची मूठ टाकून काहीच साधत नाही. शेणखत, कंपोस्ट आणि गरजेपुरती हिराकशीची सौम्य फवारणी, हा तिथला मार्ग आहे.

टोमॅटोचं बूड काळं पडून चामड्यासारखं होतं, तेव्हा बहुतेक जण बुरशीनाशक आणतात. तिथे बुरशी मूळ कारण नसतेच. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच चालतं. चार दिवस कोरडं, पाचव्या दिवशी भडाभडा पाणी, असं झालं की फळाचं बूड उपाशी राहतं. बेताचं, नियमित पाणी आणि मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन एवढं केलं तरी पुढची फळं बहुधा चांगली येतात.

ओलावा असूनही रोप सुकत असेल तर ते उपटून पाहण्याचं धाडस करावं. मुळांवर न निघणाऱ्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. (वाल-घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी मात्र वेगळ्या. त्या बोटाने सहज निघतात, हवेतलं नत्र बांधून देतात. त्या मित्राच्या आहेत.) खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरला आणि त्यातून दुधी धागा उतरू लागला तर ती जिवाणूंची मर आहे. ही तपासणी घरच्या पेल्यात होते आणि तिला पैसा लागत नाही.

आणि पान उलटायचंच. मावा, पांढरी माशी, लाल कोळी बहुतेक वेळा पानाच्या पोटाशी राहतात. वरून औषधाने न्हालेलं पान खालून तसंच कोरडं असतं.

2020 च्या उन्हाळ्यात हे सगळं किती अवघड होऊ शकतं ते आपण पाहिलं. टाळेबंदीत सगळं ठप्प असताना सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले-संगमनेरच्या पट्ट्यात टोमॅटो एकसारखा लाल होईना. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट पट्टे. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. वातावरणच कोरोना विषाणूच्या भीतीचं होतं, त्यामुळे टोमॅटो खाल्ल्याने माणसाला बाधा होते अशी अफवाही पसरली आणि आधीच अडचणीत असलेल्या शेतकऱ्याचं आणखी नुकसान झालं. पण वनस्पतींचे विषाणू माणसाला बाधत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू आढळला. तो नवा नव्हता. 1916 साली काकडीवर त्याचं वर्णन झालं होतं आणि तो हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो. मावा तो काही सेकंदांत एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कीटकनाशकाने मावा मरायच्या आत काम झालेलं असतं. विषाणू लागलेलं झाड बरं करणारं औषध तर नाहीच. उपाय असतो तो आधीचा: निरोगी रोप, रोपवाटिकेवर जाळी, बांधावरचं तण काढणं, रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणं.

बारीक पाहण्याने औषधंही सापडली आहेत. 1882 मध्ये फ्रान्समधल्या मेदोक भागात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की रस्त्याकडेच्या द्राक्षवेली डावणी रोगातून वाचल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकाने त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्या निरीक्षणातून 1885 मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आलं. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ते आजही ओळखीचं आहे. पण तेही रोग येण्याआधी पानावर असावं लागतं. पानात शिरलेल्या बुरशीला ते बाहेर काढत नाही. म्हणून थंडीत सकाळी धुई उतरू लागली, की कांद्यावर करपा पसरण्याची वाट पाहत बसू नये. पातीवर मधोमध जांभळट असलेला पहिला ठिपका शोधायला शेतात उतरावं.

घरच्या वाफ्यात याहून सोपं काम आहे. ज्या कुंडीत किंवा वाफ्यात टोमॅटोला मर लागली, तिथे पुढच्या हंगामात पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतलं काही लावू नका, ही सगळी एकाच कुळातली आहेत. तिथे मेथी-कोथिंबीर टाका, किंवा सूत्रकृमीचा त्रास असेल तर झेंडू लावा. आणि मेलेलं रोप कंपोस्टच्या खड्ड्यात नको, वेगळं काढून नष्ट करा.