निबंध आधी ग्रामसभेत वाचा

सिंदी मेघे आज वर्धा शहराला जोडले गेले आहे. १९३५च्या सुमारास ते वेगळे खेडे होते आणि वर्ध्यातल्या मगनवाडीत राहणारे गांधीजी सहकाऱ्यांसह या गावाच्या सफाईसाठी येत. त्यांच्या शिष्या मीराबेन शेगावला (आजच्या सेवाग्रामला) जाण्याआधी इथेच राहिल्या. सफाईचे हे काम, त्यातल्या अडचणींसह, गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकातून वाचकांपर्यंत पोचत होते.

मगनवाडीतच जे. सी. कुमारप्पांनी अर्थशास्त्राला वेगळे वळण दिले. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकून आलेला हा माणूस डिसेंबर १९३४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहू लागला. संघाची 'ग्रामउद्योग पत्रिका' ते चालवत. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशा हे तिचे विषय. १९३९च्या सुमारास त्यांच्या समितीने मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या सहाशेहून अधिक खेड्यांची औद्योगिक पाहणी केली. ज्या कामाबद्दल लिहायचे ते करणाऱ्यांच्या शेजारी बसून लिहायचे, हा त्या काळच्या मगनवाडीचा शिरस्ता होता.

आज आदिवासींच्या अर्थव्यवहारावर लिहिलेला शोधनिबंध कुठून कुठे जातो? मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू यांची माहिती गावातून निघते, विद्यापीठात तिचे तक्ते होतात, निबंध इंग्रजीत लिहिला जातो आणि दोन अनामिक परीक्षकांकडे पोचतो. परीक्षक पद्धत तपासतात, संदर्भ तपासतात. मजुरीचा दर बरोबर लिहिला आहे का, हे मात्र ज्याने मजुरी घेतली त्याला कुणी विचारत नाही. पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी काढली. नेमणूक आणि बढतीच्या हिशेबात मात्र निबंध मोजले जातातच. त्या घाईचा फायदा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिका उठवतात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने दुसरी रीत दाखवली आहे. तिथे अभ्यासगट बसतो, बाहेरचा जाणकारही त्यात बसतो, चर्चा होते आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. २००९मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. कायद्याचे कलम आणि बांबूचा भाव या दोन्ही गोष्टी जाणणारे हे लोक निबंधाचे परीक्षक व्हायला कुठे कमी पडतात?

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावाला न रुचणारे सत्य गाव दडपेल. एखाद्या घरावर झालेला अन्याय सभेत बोललाही जाणार नाही. म्हणून निष्कर्ष बदलण्याचा अधिकार ग्रामसभेला असू नये. तिचा आक्षेप मात्र निबंधाला जोडूनच छापला जावा, लेखकाने त्याला उत्तर द्यावे आणि वाचकाने ठरवावे. ज्यांचे तोंड सभेत उघडत नाही त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलणे ही संशोधकाचीच जबाबदारी आहे. काही माहिती छापण्याआधी गावाची संमतीही हवीच. लिलावाआधी ग्रामसभेने मनात धरलेला किमान भाव निबंधात आला, तर तो सगळ्यात आधी ठेकेदार वाचेल. औषधी मुळ्या नेमक्या कुठे सापडतात, हेही तसेच.

भाषेचा प्रश्न सोपा आहे, इच्छा हवी. मराठीत 'अर्थसंवाद'सारखी अर्थशास्त्राची पत्रिका आहे. इंग्रजी पत्रिकेनेही निबंधासोबत मराठी सारांश मागावा. तो गोंडी बोलणाऱ्या गावात गोंडीतून वाचून दाखवला जावा. आदिवासी तरुण आता स्वतः पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. त्यांची नावे आभाराच्या ओळीत न ठेवता लेखक म्हणून वर यायला हवीत.

विदर्भातल्या विद्यापीठांना आणि संपादकांना माझी विनंती आहे: गावाविषयीचा निबंध स्वीकारताना तो त्या गावात वाचला गेला का, कधी, आणि लोक काय म्हणाले, एवढे तीन प्रश्न अर्जात छापा. उत्तर कोरे असेल तर निबंध परत पाठवा.