न दिलेले घेणे

द्रव्य एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यातला काही अंश मध्यस्थापाशी राहावा, ही रीत पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाण्यांवर शेकडा आठ रूपिक, शेकडा पाच व्याजी आणि शेकडा एक अष्टमांश पारीक्षिक असे आकार नमूद आहेत, आणि सराफांच्या बट्ट्याने व पेढ्यांच्या हुंडणावळीने पुढे तीच परंपरा चालविली. तेव्हा कार्डाने बिल चुकते झाल्यावर बँका दुकानदाराच्या रकमेतून जे शुल्क कापून घेतात, ते मुळातच अनीतीचे आहे असे मी म्हणणार नाही. यंत्रांचा, हिशेबाचा आणि अफरातफरीच्या जोखमीचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे. तो कोणी सोसावा आणि जाणून की नकळत, हा खरा धर्मप्रश्न आहे.

अस्तेयव्रताची मीमांसा करताना जैन आचार्यांनी चौर्याचे लक्षण ‘न दिलेले घेणे’ असे केले, आणि ज्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय व्यापार, त्याच्या दर्शनात ते इतके नेमके यावे यात नवल नाही. दुकानदार कार्डाचे शुल्क मालाच्या किमतीत मिसळतो आणि किंमत मात्र सर्वांना एकच लावतो. म्हणजे नोटा मोजून देणारा मजूर, शेजारी उभ्या असलेल्या क्रेडिट कार्डधारकाच्या बक्षिसी गुणांचा काही भार उचलतो. दुकानाचे भाडेही किमतीतच असते, असा आक्षेप कोणी घेईल. पण दुकानाच्या छपराचा आसरा त्या मजुरालाही मिळतो, कार्डाचा मिळत नाही. शिवाय हे शुल्क ग्राहकाकडून वेगळे घेण्यास कार्ड-कंपन्यांच्या करारांनी दुकानदाराला अनेक देशांत दीर्घकाळ मज्जाव केलेला होता.

अर्थशास्त्री रोशे आणि तिरोल (यांपैकी तिरोल 2014 चे नोबेल-मानकरी) यांनी एक चतुर कसोटी सुचविली: खिशात पुरेशी रोकड असलेला आणि पुन्हा कधी न येणारा प्रवासी गल्ल्यापाशी उभा असतानाही दुकानदार आपखुशीने कार्ड स्वीकारील, इतकेच शुल्क रास्त. युरोपीय संघाने 2015 च्या नियमाने बँकांमधील शुल्काला डेबिट कार्डासाठी शेकडा 0.2 व क्रेडिट कार्डासाठी शेकडा 0.3 अशी मर्यादा घातली, त्यामागे हाच विचार होता. कसोटी बुद्धिमान खरी, परंतु ती दुकानदाराचा लाभ मोजते. रांगेत मागे उभ्या असलेल्या रोखीवाल्याला तिच्यात स्थानच नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 2018 पासून डेबिट कार्डांवरील शुल्क लहान व्यापाऱ्यांसाठी शेकडा 0.40 व इतरांसाठी 0.90 पर्यंत सीमित केले, आणि 1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील शुल्क सरकारने शून्यावर आणले. शून्य हा आकडा पुण्यप्रद वाटतो खरा, पण खर्च शून्य झालेला नाही. यूपीआयच्या लहान व्यवहारांना उत्तेजन म्हणून 2024-25 सालाकरिता सुमारे 1,500 कोटी रुपयांची तरतूद सरकारी खजिन्यातून करावी लागली, आणि खजिना भरणाऱ्यांत तोच मजूर आहे. तरीही ही रक्कम अंदाजपत्रकाच्या दप्तरात लिहिलेली असते व तिच्यावर सभागृहात जाब विचारता येतो, म्हणून किमतीत दडलेल्या शुल्काहून मी तिला बरी समजतो.

ऑस्ट्रेलियाने 2003 साली दुकानदाराला हे शुल्क वेगळे लावण्याची मुभा दिली. युरोपने 2018 पासून बहुतेक कार्डांसाठी ती मोडीत काढली. ग्राहकाची कटकट वाचली हे कबूल, पण न्यायाच्या तराजूत ऑस्ट्रेलियाचे ते पारडे जड होते. शुल्काच्या दरावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. तोवर कायद्याने प्रत्येक बिलावर त्या शुल्काची एक स्वतंत्र ओळ छापण्याची सक्ती करावी.