एवढी ओळ होऊ दे

माझी आत्या निफाडला राहते. हिवाळ्यात पेपरात राज्यातल्या सगळ्यात कमी तापमानाची बातमी आली, की त्यात बरेचदा निफाडचं नाव असतं. त्यामुळे तिच्या विणकामाला हौस म्हणावं की गरज, हे मला कधी ठरवता आलं नाही. दिवाळी संपली, आकाशकंदील उतरला, की तिची कापडी पिशवी कपाटावरून खाली येते. पिशवीत चार पदरी लोकरीचे गुंडे, ९ आणि ११ नंबरच्या सुया, एक मोजपट्टी, एक बोथट कात्री आणि मूठभर चिंचोके. चिंचोके कशाला, ते पुढे सांगते. दुपारची जेवणं आटोपली की ती दारातल्या उन्हात खुर्ची ओढून बसते. आणि एकदा बसली, की घरातल्या सगळ्यांना एकच वाक्य ऐकायला मिळतं. फोन वाजतो. "एवढी ओळ होऊ दे." चहा गार होतोय म्हणून हाक येते. "एवढी ओळ होऊ दे." फाटक वाजतं, कुणीतरी येतं. "या, बसा. एवढी ओळ होऊ द्या." येणारा बसतो. सुयांची टकटक थोडा वेळ चालू राहते, मग थांबते. आत्या चष्मा कपाळावर सरकवते, सुया मांडीवर ठेवते आणि विचारते, "बोला, काय म्हणताय?" त्यानंतर अर्धा तास ती सुयांकडे बघतसुद्धा नाही. लहानपणी मला हा तिचा हट्ट वाटायचा. अपवाद फक्त एक. गॅसवर दूध असलं, तर ती हातातला टाका तसाच टाकून पळायची. "दुधाला ओळ कळत नाही," म्हणायची.

यामागचं कारण मला कळलं ते स्वतः विणायला लागल्यावर, आणि तेही चांगला फटका बसल्यावर. भाचीला बाळ व्हायचं होतं. मी स्वेटरसाठी आकाशी लोकर आणली. पाठीचा भाग ६० टाक्यांचा. खालची पट्टी ११ नंबरवर, वरचं ९ नंबरवर. (सुयांचं गणित उलटं असतं. नंबर मोठा तशी सुई बारीक. दुकानात पहिल्यांदा गेलेली बाई हमखास फसते. मी फसले होते.) एक ओळ सुलट, एक ओळ उलट, काम छान चाललं होतं. एक ओळ निम्मी झाली आणि बेल वाजली. दारात कुरिअरवाला. मी विणकाम तसंच सोफ्यावर टाकलं. मग सही, मग पार्सल, मग भाजी, मग टीव्ही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दोन्ही सुयांवर टाके. ३० या सुईवर, ३० त्या सुईवर. आपण कुठून कुठे चाललो होतो, तेच आठवेना. वाटलं त्या बाजूने सुरुवात केली आणि नेमकी चुकीची बाजू धरली. म्हणजे पुढे जाण्याऐवजी अर्ध्या वाटेतून माघारी फिरले. अशा वेळी एका बाजूला दोन ओळी जास्त होतात, आणि जिथून आपण वळलो तिथे एक भोक राहतं. ते लगेच दिसत नाही. १४ ओळी झाल्यावर कौतुकाने कापड उजेडात धरलं, तेव्हा दिसलं. १४ ओळी म्हणजे ८४० टाके. सगळे उसवले. विणकामात एवढं एक बरं असतं, की उसवलेली लोकर पुन्हा गुंडाळून ठेवता येते. कापडावर कात्री चुकली तर ती सोय नाही. पण दोन दुपारी गेल्या त्या गेल्याच. आत्याला फोनवर सांगितलं. ती रागावली नाही, हसलीही नाही. "अगं, गुंड्याचा धागा ज्या सुईवरून लोंबतो, ती उजव्या हातात धरायची. म्हणजे दिशा चुकत नाही," एवढं शिकवलं. मग थोडं थांबून म्हणाली, "पण मुळात ओळ पुरी करूनच उठायचं होतंस. ओळ असते किती वेळाची?"

मी खरंच घड्याळ लावून पाहिलं. ६० टाक्यांची एक ओळ विणायला माझ्या हाताला अडीच ते तीन मिनिटं लागतात. आत्याला त्याहूनही कमी. म्हणजे ज्या बेलसाठी, ज्या फोनसाठी मी ओळ तोडली, तो माणूस फार तर तीन मिनिटं थांबला असता. बहुतेक वेळा माझी ओळ निम्मी झालेलीच असते, म्हणजे दीडच मिनिट. कुरिअरवाल्याला "आले हं" म्हणून आतून ओरडले असते तरी चाललं असतं. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. मी दिवसभरात आपल्या अर्ध्या सोडलेल्या ओळी मोजते. सकाळी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या, चार घड्या झाल्या आणि मोबाइल टुणकन वाजला. ऑफिसात एक पत्र लिहायला घेतलं, दुसऱ्या वाक्यात कुणीतरी काहीतरी विचारलं. फोडणीच्या डब्यातली मोहरी भरायला घेतली, तर डबा तसाच उघडा आणि मी बाल्कनीत. यातलं कुठलंच काम मोठं नव्हतं. प्रत्येक काम दोन-तीन मिनिटांत हातावेगळं झालं असतं. अर्धं सोडल्यावर मात्र तेच काम दिवसभर डोक्यात एका कोपऱ्यात बसून राहतं. आणि पुन्हा हातात घेताना आधी शोधावं लागतं, की मी कुठवर आले होते? संध्याकाळी दमायला होतं ते पुष्कळदा कामाने होत नाही, या शोधाशोधीने होतं, असं माझं मत झालं आहे. बोलण्याचंही तसंच. मुलगी शाळेतलं गाऱ्हाणं सांगत असते, आणि तिच्या वाक्याच्या मधेच माझी नजर फोनवर जाते. ती "जाऊ दे" म्हणून उठून जाते. मग रात्री "अगं, दुपारी काय सांगत होतीस?" असं विचारलं, तर ती म्हणते, "काही नाही." तिचं ते सांगणं जेमतेम एका ओळीचं होतं.

आत्याच्या सवयीतला निम्मा भाग मला असा पटकन कळला. उरलेला निम्मा कळायला फार वर्षं गेली. तो असा, की ओळ पुरी झाली की ती उठते. खरोखर उठते. विणणाऱ्यांना मी काय म्हणते ते कळेल. "अजून एकच ओळ" हे आमच्यातलं व्यसन आहे. एक ओळ झाली की दुसरी खुणावते. रंग बदलायचा असला तर विचारूच नका, नवा रंग कसा दिसतो ते बघितल्याशिवाय झोप येत नाही. या एका ओळीपायी माझी भाजी करपली आहे, बस चुकली आहे, रात्रीचा एक वाजला आहे. आत्याचं तसं नाही. ओळ संपली की ती टाके सुईच्या टोकापासून मागे सरकवते, म्हणजे ते गळत नाहीत. दोन्ही सुया गुंड्यात खोचते. मग ओळींची जोडी पुरी झाली असली, तर एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकते. तिचं मोजमाप एवढंच. एक सुलट आणि एक उलट अशा दोन ओळी झाल्या, की एक चिंचोका. तान्ह्या बाळाच्या स्वेटरची पाठ साधारण ८०-९० ओळींची झाली, तर ४०-४५ चिंचोके. स्वेटर कधी होणार, असं तिला कुणी विचारलं, तर ती वाटीकडे बोट दाखवते. ती स्वेटर विणायला बसतच नाही, असं मला आताशा वाटतं. ती ओळ विणायला बसते. म्हणून तिला मधेच उठावंसं वाटत नाही आणि बसूनच राहावंसंही वाटत नाही. मी मात्र नेहमी अख्खा स्वेटर डोळ्यांसमोर घेऊन बसते. मग एक तर त्याच्या ओझ्याने टाळाटाळ करते, नाहीतर एका बैठकीत त्याचा फडशा पाडायला जाते.

आमच्या शेजारच्या काकूंना हे सगळं मान्य नाही. त्या क्रोशाच्या. क्रोशे हा शब्दच मुळी फ्रेंच भाषेतला, अर्थ छोटा आकडा. एक आकडा आणि एक धागा, बस. तिथे सुईवर ६० टाके सांभाळायचे नसतात. साखळी घाला, खांब घाला, मुका खांब घाला, शेवटी आकड्यात जिवंत फास असतो तो एकच. तो जरा ओढून मोठा केला, की कुठेही ठेवा, कधीही उठा. "म्हणून मी क्रोशे करते," काकू म्हणतात, "आमच्या घरात ओळ पुरी होईपर्यंत कोण थांबतंय?" त्यांचंही खरं आहे. घरात तान्हं मूल असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर ओळीचा आग्रह धरणं म्हणजे दूध उतू जाऊ देणं. पण मी नीट लक्ष ठेवून पाहिलंय. काकूसुद्धा तोरणातलं फूल करताना चालू फेरा पुरा केल्याशिवाय आकडा खाली ठेवत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "तेवढं बरं वाटतं गं." क्रोशाचीच आणखी एक गोष्ट. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत एक क्रोशाची चादर अंथरली गेली. तिची नोंद गिनेस बुकात झाली, जगातली तोवरची सगळ्यात मोठी क्रोशाची चादर म्हणून. क्षेत्रफळ ११,१४८.५ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन एकरांहून थोडं जास्त. एवढी चादर विणायची म्हटली तर कुणाचाही हात आकड्याकडे जाणार नाही. पण ती कुणी एकटीने विणलीच नव्हती. बायकांनी आपापल्या घरी बसून आपापले चौकोन विणले होते, आणि मग ते एकमेकांना जोडले. पावणेतीन एकरांची काळजी त्यातल्या किती जणी करत होत्या कोण जाणे. प्रत्येकीसमोर होता तो आपला चौकोन, त्यातला चालू फेरा, आणि बहुधा शेगडीवरचा कुकर.

तुम्ही हे वाचताय म्हणजे डबा भरून झाला असेल, चहा संपत आला असेल, निघायला पाच मिनिटं असतील. पाच मिनिटांत साधारण दोन ओळी होतात. एक सुलट, एक उलट. विणकामात या दोन ओळींना एक मजा आहे. त्या झाल्या की आपण निघालो होतो त्याच टोकाला परत येतो, कापड मात्र तेवढं वाढलेलं असतं. तुमच्याकडे सुया नसल्या तरी बिघडत नाही. आज दिवसभरात कुठलीही एकच छोटी ओळ निवडा. टेबलावरचा एक कागद असेल, ओट्यावरची चार भांडी असतील, घरातल्या कुणाचं एखादं बोलणं असेल. ती सुरू केलीत की टोकाला पोचेपर्यंत दुसरीकडे बघू नका. टोकाला पोचलात की उठा. दुसरीच्या मोहात पडू नका. मधेच कुणी हाक मारली तर आत्याचं वाक्य खुशाल वापरा. समोरचा सहसा रागावत नाही, हा माझा अनुभव आहे. मात्र गॅसवर काय ठेवलंय, ते आधी बघून घ्या.

आत्याचं मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बारीक नक्षीची वीण तिने आता सोडली. जाड लोकर घेते आणि नुसत्या सुलट टाक्यांचे मफलर विणते, तेही फिक्या रंगाचे. गडद लोकरीतले टाके दिसत नाहीत म्हणते. तिला फोन केला की पहिल्यांदा तो वाजून वाजून बंद पडतो. पूर्वी मला काळजी वाटायची, लगेच पुन्हा लावायचे. आता लावत नाही. दोन मिनिटांनी तिचाच फोन येतो. "हं, झाली ओळ. बोल गं."