सुक्या लाकडाला पाणी

श्रीगुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरीची कथा आहे. कुष्ठाने पीडलेल्या या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी गाणगापूरच्या संगमावर औदुंबराचं वाळलेलं लाकूड रोवून रोज पाणी घालायला सांगितलं. लोक हसले. सुक्या लाकडाला कधी पालवी फुटते का? लोकांचं तरी काय चुकलं म्हणा!

मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहमाबद्दल डेन्मार्कच्या किर्केगार्डने १८४३ साली ग्रंथ लिहिला. शेवट ठाऊक असल्यामुळे वाटेतली त्याची तगमग आपण विसरतो, असं त्याचं म्हणणं. आपलंही तसंच. पालवी फुटल्याचं वाचूनच आपण पाणी घालायला बसतो.

आम्ही बँकवाले तर हिशेब पैशापर्यंत जुळल्याशिवाय उठत नसू. पारायणाचाही ताळा लागावा असं वाटतं. अंबरनाथला आमच्या शेजाऱ्यांनी पत्नीच्या आजारपणात सप्ताह केला, औषधोपचारातही कसूर केली नाही. वहिनी गेल्या. "श्रद्धा कमी पडली असेल," असं कुणीतरी बोललं. मला हे मुळीच मान्य नाही. नरहरी पाणी घालत होता तेव्हा त्याच्याही पुढ्यातलं लाकूड सुकंच होतं, आणि लाकूड सुकं आहे हे त्याला दिसत होतं.

शेजारी यंदाही दत्तजयंतीच्या सप्ताहाला बसणार आहेत. आता कशासाठी, हे मी विचारलेलं नाही.