नेम लहान धरा, रोजचा धरा

॥ श्रीराम समर्थ ॥



हुबळी-धारवाडच्या आपल्या कुटुंबांचे जपाचे आकडे दर रविवारी माझ्याकडे येतात. दर वर्षी एक गोष्ट दिसते. रामनवमीला कुणीतरी उत्साहानं संकल्प सोडतं, "रोज 25 माळा करणार!" पहिला आठवडा छान जातो. मग घरात लग्न निघतं, मुलांच्या परीक्षा येतात, नळाला पाणी भलत्याच वेळी येतं. चार दिवस माळ चुकते. आकडा कळवायची लाज वाटते आणि हळूहळू ती व्यक्ती सत्संगालाही येईनाशी होते. याचं फार वाईट वाटतं.

समर्थांनी टाकळीला 12 वर्षांत 13 कोटी जप केला असं परंपरा सांगते. म्हणजे रोजचा जवळजवळ 30 हजार. ते समर्थ होते! आपल्याला भाकऱ्या थापायच्या आहेत, ऑफिस गाठायचं आहे, सासूबाईंची औषधं बघायची आहेत. श्रीमहाराजांना आपला प्रपंच ठाऊक होता. त्यांनी घर सोडायला सांगितलं नाही, प्रपंचात राहूनच नाम घ्या म्हणाले. ब्रह्मानंद महाराजांनी तेच नाम आपल्या कन्नड मुलखात पोचवलं. श्रीमहाराजांच्या प्रवचनांचं पुस्तकही बघा, तारखेप्रमाणे लावलेलं आहे. एका दिवसाला एकच पान.

मग नेम कसा धरावा?

🌼 ताप आला, पाहुणे आले, प्रवास निघाला, तरी होईल एवढाच धरावा. एक माळ म्हणजे पाच-सहा मिनिटं. 25 माळा आठवडाभर करून सोडल्या तर जप होतो 18,900. रोज एकच माळ वर्षभर केली तर 39,420. दुपटीहून जास्त!

🌼 रोज न चुकणाऱ्या कामाला नेम बांधावा. देवापाशी दिवा लावला की लगेच माळ. नोकरीवाल्यांनी चिगरी बसमध्ये बसल्या-बसल्या नाम घ्यावं. हुबळी ते धारवाड एक माळ सहज होते. "वेळ मिळाला की करू" म्हटलं की वेळ मिळत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव.

🌼 काल चुकली म्हणून आज दोन करू नयेत. थकबाकी वाढत गेली की मन माळेपासूनच पळतं. नाम काही सावकार नाही. आज बसायचं, आजची माळ करायची.

🌼 तीन महिने विनासायास झालं तरच एक माळ वाढवावी. शेजारच्या ताईंच्या 11 माळा बघून वाढवू नये.

आणखी एक विनंती. रविवारी आकडा शून्य असेल तर शून्यच कळवा. ग्रुपवर फक्त एकूण बेरीज टाकली जाते, कुणाचंही नाव येत नाही. शून्य कळवणाराही श्रीमहाराजांचाच आहे. जो खरा आकडा कळवतो, तो पुढच्या सोमवारी माळ हातात घेऊ शकतो. खोटा आकडा सांभाळण्यातच जीव थकतो.

आपापल्या घरात, नात्यात ज्यांचा आकडा बरेच दिवस आला नाही, त्यांना या आठवड्यात एक फोन करा. माळेचं विचारू नका. तब्येत कशी आहे, तेवढं विचारा.

॥ श्रीराम समर्थ ॥