पिशवीतील दोन दगड



अन्याय हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे हात उगारलेला मनुष्य उभा राहतो. कोणी कोणाला मारले, कोणी कोणाचे लुबाडले, हे आपल्याला दिसते आणि आपण त्याला पाप म्हणतो. यशया संदेष्टा मात्र आपल्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायाच्या आरंभी निराळ्याच लोकांना धिक्कारतो. त्यांच्या हाती शस्त्र नाही, लेखणी आहे. ते निर्णय लिहितात, आणि त्या लिखाणामुळे दीनदुबळ्यांचा न्याय हिरावला जातो. तलवारीचा घाव एका देहावर पडतो. कायद्याचा घाव लिहिणाऱ्याने कधीही न पाहिलेल्या सहस्रावधी लोकांवर पडतो, आणि तोही वर्षानुवर्षे.

यातून एक अवघड नैतिक प्रश्न उभा राहतो. कायदा करणाऱ्याचा हेतू चांगला होता, परंतु त्या कायद्यातून अन्याय घडला, तर त्याचा दोष त्याच्याकडे येतो काय? आणि येत असेल, तर त्याने पश्चात्ताप करायचा म्हणजे नेमके काय करायचे? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करू या.

अमेरिकेचे जो बायडेन हे राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९७३ ते २००९ अशी छत्तीस वर्षे, डेलावेअर राज्याचे सिनेटर होते. १९८७ ते १९९५ या काळात ते सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. गुन्हेगारी, पोलीस, शिक्षा आणि तुरुंग यांविषयी त्या काळात जे संघीय कायदे झाले, त्यांतील बहुतेक महत्त्वाच्या कायद्यांवर त्यांच्या हाताचा ठसा आहे. ते रोमन कॅथलिक ख्रिस्ती आहेत आणि आपली श्रद्धा त्यांनी कधी लपविलेली नाही. म्हणून त्यांच्या कार्याकडे पाहताना आपण एका परक्या देशाच्या राजकारण्याकडे जसे पाहतो, तसेच एका ख्रिस्ती बांधवाकडेही पाहत आहोत, हे लक्षात असावे.

१९८६ च्या जून महिन्यात लेन बायस नावाचा बावीस वर्षांचा बास्केटबॉलपटू कोकेनच्या सेवनाने मरण पावला. दोनच दिवसांपूर्वी एका नामांकित व्यावसायिक संघाने त्याची निवड केली होती. सारा देश हळहळला. ‘क्रॅक’ नावाचे स्वस्त कोकेन शहरांच्या गरीब वस्त्यांत पसरू लागले होते, आणि लोकांच्या मनात भय होते. निवडणुका जवळ आल्या होत्या. अवघ्या काही महिन्यांत, पुरेशी साक्ष न घेता आणि तज्ज्ञांना पुरते न ऐकता, अमली पदार्थविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या पुरस्कर्त्यांत बायडेन होते. या कायद्याने ठरविले की, ज्याच्याकडे विक्रीसाठी ५०० ग्रॅम भुकटीचे कोकेन सापडेल त्याला किमान पाच वर्षांचा तुरुंगवास. आणि क्रॅक असेल, तर तीच शिक्षा केवळ ५ ग्रॅमसाठी. न्यायाधीशाला त्याहून कमी शिक्षा देण्याची मुभा जवळजवळ उरली नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. क्रॅक म्हणजे तेच कोकेन. भुकटी पाण्यात खाण्याच्या सोड्याबरोबर शिजवली की त्याचे खडे होतात. पदार्थ एक, मापे दोन, आणि त्या मापांत शंभर पटींचे अंतर. भुकटी महाग, म्हणून ती सुखवस्तू घरांत अधिक. क्रॅक स्वस्त, म्हणून ते गरिबांच्या गल्लीत. संघीय न्यायालयांत क्रॅकसाठी शिक्षा झालेल्या दर दहा जणांपैकी आठांहून अधिक कृष्णवर्णीय होते. कायद्याच्या मजकुरात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. त्याची गरजही नव्हती. वजनाचा उल्लेख पुरेसा होता.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत निरनिराळी वजने बाळगण्यास मनाई आहे. मराठीत आपण ‘वजने’ म्हणतो. मूळ इब्रीत मात्र शब्द आहे ‘एवेन’, म्हणजे दगड. त्या काळचा व्यापारी पिशवीत दगडच ठेवी. घेताना मोठा दगड, देताना लहान. तराजू एकच असे, आणि तो सरळही असे. लबाडी तराजूत नसून पिशवीत असे. म्हणूनच ती ओळखणे कठीण. न्यायालयाचा तराजूही असाच असू शकतो: न्यायाधीश प्रामाणिक, साक्षी खरे, पुरावा निर्विवाद, आणि तरीही अन्याय, कारण पिशवीतला दगड आधीच कोणीतरी घालून ठेवलेला आहे.

पुढे १९९४ चा मोठा कायदा आला. त्याची मांडणी बायडेन यांनी केली आणि त्याचा त्यांना फार काळ अभिमान होता. त्याविषयी न्यायाने बोलले पाहिजे. स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धचा कायदा, ज्यासाठी ते १९९० पासून झटत होते, तो याच विधेयकातून साकार झाला. घरात मार खाणाऱ्या स्त्रीचे दुःख ही खाजगी बाब नाही, हे एका राष्ट्राने त्यातून मान्य केले. काही लष्करी धर्तीच्या बंदुकांवर दहा वर्षांची बंदी आली. एक लाख नव्या पोलिसांसाठी पैसा देण्याचे ठरले. पण त्याच कायद्याने सुमारे साठ गुन्ह्यांसाठी मृत्युदंडाची तरतूद केली, राज्यांना तुरुंग बांधण्यासाठी अब्जावधी डॉलर देऊ केले, तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला जन्मठेप ठरविली, आणि कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारे सरकारी साहाय्य बंद केले.

त्या काळचे भय खोटे नव्हते. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत दर वर्षी वीस हजारांहून अधिक माणसांचे खून होत होते, आणि त्याची सर्वाधिक झळ गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांनाच बसत होती. म्हणून कृष्णवर्णीय पाळकांपैकीही काहींनी या विधेयकाला पाठिंबा दिला. ज्यांच्या मंडळीतील मुले रस्त्यावर मरत होती, त्यांना आपण दुरून दोष देऊ नये. शिवाय अमेरिकेतील दर दहा शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी सुमारे नऊ राज्यांच्या तुरुंगांत असतात, संघीय नव्हे. आणि तुरुंग भरू लागले होते ते १९७० च्या दशकापासूनच. सर्व दोष एका कायद्यावर किंवा एका मनुष्यावर लादणे हेही खोट्या दगडाने मोजणेच होय.

मग हेतू चांगला होता म्हणून मनुष्य निर्दोष ठरतो काय? लेवीयाचा चौथा अध्याय आपण सहसा घाईने वाचतो. त्यात नकळत घडलेल्या पापासाठी अर्पणे सांगितली आहेत: याजकासाठी, सर्व मंडळीसाठी, अधिपतीसाठी आणि सामान्य मनुष्यासाठी. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर तेथे ऐकून घेतले जाते, पण त्यावर प्रकरण मिटत नाही. दोष कळून आला की अर्पण आणावेच लागते. भाषांतर करणाऱ्याला या अध्यायात आणखी एक गोष्ट जाणवते. याजक, मंडळी व सामान्य मनुष्य यांच्याविषयी इब्रीत ‘इम’, म्हणजे ‘जर’, असा आरंभ आहे. अधिपतीविषयी मात्र बाविसाव्या वचनात ‘अशेर’ हा शब्द आहे. त्याचा भाव ‘जेव्हा’ असा होतो. जणू अधिकाऱ्याच्या हातून नकळत पाप घडेलच, प्रश्न केवळ केव्हा हाच. ‘अशेर’ आणि धन्यतावाचक ‘अश्रे’ या शब्दांतील नादसाम्यावरून जुन्या यहुदी गुरूंनी म्हटले आहे की, ज्या पिढीचा अधिपती आपल्या नकळत घडलेल्या पापासाठी अर्पण आणतो, ती पिढी धन्य होय. सत्ता आणि चूक यांची गाठ देवाला ठाऊक आहे. त्याची अपेक्षा आहे ती चूक कळल्यावर परत येण्याची.

‘परत येणे’ हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. मराठीतील ‘पश्चात्ताप’ या शब्दात नंतर होणारा ताप आहे, मनाची जळजळ आहे. ती खरी असते, पण ती मनातच राहू शकते. इब्रीतील ‘शूव’ हे क्रियापद पायांचे आहे: वळणे, माघारी येणे. जक्कयाने प्रभूपुढे केवळ अश्रू ढाळले नाहीत. ज्यांचे घेतले होते त्यांच्याकडे चौपट घेऊन परत जाण्याचे त्याने वचन दिले.

या दृष्टीने पुढचा इतिहास वाचावा. शिक्षेची मापे सुचविणाऱ्या संघीय आयोगाने १९९५ मध्येच दोन्ही कोकेनांचे माप समान करावे अशी शिफारस केली होती. अमेरिकी काँग्रेसने ती फेटाळली. २००७ मध्ये बायडेन यांनी स्वतः हे अंतर पूर्णपणे नाहीसे करणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. २०१० मध्ये, ते उपराष्ट्राध्यक्ष असताना, कायदा बदलला आणि शंभर पटींचे अंतर अठरा पटींवर आले. क्रॅकची मर्यादा ५ ग्रॅमवरून २८ ग्रॅम झाली. सर्वांना आनंद झाला. पण त्या कायद्याने किमान शिक्षेचे नवे माप ज्यांना आधीच शिक्षा झाली होती त्यांना लागू केले नाही. दगड खोटा होता हे राष्ट्राने कबूल केले, आणि त्या दगडाने मोजलेली माणसे तुरुंगातच राहिली. २०१८ च्या डिसेंबरात, डॉनल्ड ट्रंप यांच्या सहीने झालेल्या कायद्याने प्रथमच त्या जुन्या कैद्यांना न्यायालयापुढे परत येण्याचे दार उघडले, आणि हजारोंची शिक्षा कमी झाली. पुढच्याच महिन्यात बायडेन यांनी १९८६ चे ते माप ही मोठी चूक होती असे जाहीर भाषणात मान्य केले.

राष्ट्राध्यक्षपदाच्या अखेरच्या दिवसांत, २०२४ च्या डिसेंबरात, त्यांनी संघीय मृत्युदंडाच्या चाळीस कैद्यांपैकी सदतीस जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. आणि १७ जानेवारी २०२५ रोजी अमली पदार्थांच्या अहिंसक गुन्ह्यांसाठी तुरुंगात असलेल्या सुमारे अडीच हजार जणांची शिक्षा कमी केली. ज्यांना जुन्या दगडाने मोजले गेले होते, त्यांपैकी कित्येकांकडे हा मनुष्य अडतीस वर्षांनी परत आला. मात्र त्याच डिसेंबरच्या पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पुत्रालाही क्षमादान दिले, आणि तसे करणार नाही असे ते पूर्वी अनेकदा म्हणाले होते. पित्याचे हृदय आपण समजू शकतो. पण इतरांच्या पुत्रांना अनेक वर्षे थांबावे लागले, हेही आपण विसरू शकत नाही. पिशवी पूर्ण रिकामी करणे किती कठीण आहे!

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नका. आपल्या देशात अमली पदार्थांविरुद्धचा कायदा १९८५ मध्ये झाला. त्यात बहुतेक गुन्ह्यांसाठी किमान दहा वर्षांची शिक्षा होती, मग सापडलेला पदार्थ थोडा असो की पुष्कळ. ही विषमता जाणवून २००१ मध्ये प्रमाणानुसार शिक्षा ठरविण्यात आली. परंतु ज्यांची प्रकरणे तेव्हा अपिलात होती त्यांना हा लाभ दिला गेला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते वैध ठरविले. काही गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीसाठी असलेला अनिवार्य मृत्युदंड घटनेशी विसंगत आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला, आणि २०१४ च्या दुरुस्तीने त्या शिक्षेची सक्ती गेली. येथेही दगड बदलले. येथेही आधी मोजलेल्यांकडे परत जाणे राहून गेले.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. अन्याय्य कायद्याचा पश्चात्ताप नव्या कायद्याने सुरू होतो, संपत नाही. जुन्या कायद्याखाली अजूनही जो दिवस मोजत बसला आहे, त्याच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय तो पश्चात्ताप अपुरा आहे. आणि लोकशाहीत हे ओझे एकट्या अधिपतीचे नाही. लेवीयाच्या त्याच अध्यायात सर्व मंडळीच्या नकळत घडलेल्या पापासाठीही अर्पण आहे. एखादा भयंकर गुन्हा घडतो, आपण संतापतो, कडक कायदा मागतो, मत देतो आणि विसरतो. कायदा मात्र विसरत नाही. तो मोजत राहतो.

पुढच्या वेळी अशी मागणी आपल्या ओठांवर येईल तेव्हा, हा दगड कोणाकोणाला मोजणार आहे, हे आपण विचारावे. आणि ज्या मंडळीजवळ तुरुंग आहे, तिने त्याच्या फाटकाशी जावे. बंदिवासात असलेल्यांची भेट घेतली की नाही, हे विचारताना त्यांचा गुन्हा कोणता होता याची चौकशी प्रभूने केलेली नाही.